मुक्या नौकांची बखर

माणसाने पाण्यावरून हजारो वर्षे जो प्रवास केला तो बव्हंशी निःशब्द होता. वल्ह्यांचा चुबचुबाट, शिडाची फडफड, दोरखंडांची करकर आणि तांडेलाची अधूनमधून ऐकू येणारी हाक यांपलीकडे नौकेला स्वतःचा असा आवाज नव्हता, आणि काळोख्या रात्री बंदराच्या रोखाने येणाऱ्या नौकेची चाहूल घ्यावयाची तर पहारेकऱ्याला कानांपेक्षा डोळ्यांचाच भरवसा धरावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेलावर चालणारे इंजिन नौकेच्या पोटात बसले आणि ही अनादि स्थिती एकाएकी पालटली. नौका दिसण्यापूर्वी ऐकू येऊ लागली. हा आवाज दाबण्याची विद्या पुढील पन्नास वर्षांत कशी वाढली याचा वृत्तांत यंत्रशास्त्राचे ग्रंथ असा सांगतात की, जणू काही उतारूंच्या सुखासाठी आणि काठावरच्या रहिवाशांच्या झोपेसाठीच शहाण्या कारखानदारांनी ती परिश्रमपूर्वक सिद्ध केली. मला तो वृत्तांत पटत नाही. ज्यांना मिरवावयाचे होते त्यांनी आवाज राखला, ज्यांना लपावयाचे होते त्यांनी तो दाबला, आणि सभ्य गृहस्थांच्या वाट्याला ही विद्या आली ती दारूचे चोरटे व्यापारी, आरमारी शिपाई आणि हेर यांच्या हातून फिरून, बऱ्याच उशिराने आली.

आरंभीचा एक प्रसंग मोठा गमतीचा आहे. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघा जर्मन यंत्रज्ञांनी १८८६ साली कानश्टाटजवळ नेकार नदीवर आपली इंजिनाची होडी प्रथम चालविली, तेव्हा पेट्रोल म्हणजे केव्हाही भडकणारा पदार्थ अशी लोकांची धास्ती असल्यामुळे, त्यांनी होडीच्या काठाने चिनी मातीचे विद्युत्‌रोधक बसवून त्यांतून तार ओवून घेतली आणि होडी विजेवर चालते असा देखावा उभा केला, असे सांगतात. डोळ्यांची फसवणूक अशी साधली. कानांची साधणे शक्य नव्हते, कारण विजेची होडी चालते ती जवळजवळ मुकाट्याने.

मुकी होडी कशी असते हे जगाने लौकरच पाहिले. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळे शिकागो हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले, त्याच १८९३च्या प्रदर्शनात कृत्रिम सरोवरांतून आणि कालव्यांतून प्रेक्षकांना फिरविण्यासाठी ३६ फूट लांबीच्या पन्नासाहून अधिक विजेच्या नौका ठेवलेल्या होत्या. त्यांना धूर नव्हता, वाफ नव्हती, आणि पाणी कापल्याच्या सळसळीशिवाय ध्वनीही नव्हता. या नौका पुरविणाऱ्या मंडळींनी ‘इलेक्ट्रिक लाँच कंपनी’ ही संस्था काढली, जिला पुढे सर्वजण ‘एल्को’ म्हणू लागले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. विजेच्या नौकेला मौन होते, पण तिच्या बॅटऱ्यांना वजन फार आणि दम थोडा. पेट्रोलच्या इंजिनाला दम होता आणि मौन मुळीच नव्हते. बाजाराने अर्थातच दम पसंत केला आणि एल्कोलाही पेट्रोलचीच कास धरावी लागली. पहिल्या महायुद्धात तिने ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्यांवर पाळत ठेवणाऱ्या ५५० पेट्रोलनौकांची मागणी स्वीकारून ४८८ दिवसांत पुरी केली, ही गोष्ट त्या काळच्या कारखानदारीत अपूर्व मानली गेली.

आता हा आवाज येतो कोठून हे थोडे जवळून पाहिले पाहिजे. सिलिंडरमध्ये जळलेला वायू बाहेर जाण्याची झडप उघडते त्या क्षणी आत वातावरणाच्या कितीतरी पट दाब शिल्लक असतो. तो कोंडलेला वायू नळीत उसळून येतो आणि त्याच्या धक्क्याने दाबाची एक तीक्ष्ण लाट नळीच्या तोंडातून हवेत फेकली जाते. बारा सिलिंडरांचे चौघाती इंजिन मिनिटाला १७०० फेरे घेत असेल तर असे १७० धक्के दर सेकंदाला बसतात, आणि आपण ज्याला नौकेची घरघर म्हणतो ती या धक्क्यांची एकमेकांत मिसळलेली माळ होय. ही लाट बोथट करण्याचे उपाय मुळात थोडेच आहेत. अरुंद नळीतून वायू एकदम रुंद कोठीत सोडावा, म्हणजे तो तेथे पसरतो, लाटेचा काही भाग कोठीच्या भिंतींवरून माघारी फिरतो आणि मागून येणाऱ्या लाटेला छेद देतो. किंवा त्याच्या मार्गात आडपडदे घालून त्याला वळसे घ्यावयास लावावे. किंवा मऊ, सच्छिद्र पदार्थात तो ध्वनी जिरवावा. किंवा वायूला गार करावे. प्रत्येक उपायाला किंमत मोजावी लागते, कारण वायूची वाट जितकी बिकट करावी तितका त्याचा दाब मागे इंजिनावर येतो, पुढच्या खेपेस ताजे मिश्रण आत कमी शिरते आणि इंजिनाची शक्ती घटते. म्हणून शर्यतीचा शौकीन सायलेन्सरचा नेहमीच द्वेष करीत आला. आणि त्याच्या सोयीसाठी कारखानदारांनी सायलेन्सरच्या अलीकडेच एक आडवाट ठेवून तिला झडप बसविली, जी गावाजवळ मिटावी आणि मोकळ्या पाण्यावर उघडावी असा संकेत होता. हा संकेत किती लोक पाळीत असतील याची कल्पना ज्याने कोणत्याही शहरात मोटारसायकलवाले पाहिले आहेत त्याला सहज करता येईल.

या क्षेत्रातला पहिला गाजलेला पुरुष हायरम पर्सी मॅक्सिम हा होय. त्याचा पिता सर हायरम मॅक्सिम म्हणजे मॅक्सिम तोफेचा जनक. पित्याने मिनिटाला शेकडो गोळ्या झाडणारे यंत्र जगाला दिले आणि स्वतःचे कान त्यात गमावले, तर पुत्राने १९०९ साली बंदुकीचा आवाज गिळणाऱ्या नळीचा एकाधिकार मिळविला. न्हाणीच्या टबातील पाणी भोवरा घेत शांतपणे निघून जाताना पाहून, वायूलाही असेच गरगर फिरवून सोडले तर तो मुकाट्याने जाईल, हे त्याला सुचले असे म्हणतात. कनेटिकट प्रांतातील हार्टफर्ड येथे त्याने काढलेल्या कंपनीने तेच तत्त्व मोटारनौकांच्या इंजिनांना लावले. आणि पुढे गुंडांच्या हाती बंदुकीचा सायलेन्सर जाऊ नये म्हणून १९३४ साली अमेरिकन सरकारने त्यावर २०० डॉलरांचा जबर कर बसविला, त्याच्या आधीच या कंपनीने बंदुकांचा नाद सोडून यंत्रांच्या सायलेन्सरांवर आपले बस्तान बसविले होते.

परंतु नौकेच्या हाताशी मोटारगाडीला नसलेले एक साधन आहे, आणि ते म्हणजे सभोवारचे पाणी. इंजिन गार ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी पंपाने ओढून सिलिंडरांभोवती फिरवावे लागतेच. ते काम संपल्यावर तेच पाणी निकासनळीत फवारले तर सहाशे-साडेसहाशे अंश उष्णतेचा वायू क्षणार्धात साठ अंशांच्या आसपास येतो, त्याचे आकारमान दोन-पंचमांशांहूनही कमी होते, आणि पाण्याच्या तुषारांत ध्वनीची धारही बरीचशी बोथट होते. शिवाय तापलेली लोखंडी नळी लाकडी नौकेच्या पोटातून नेण्याची धास्ती टळून तिच्या जागी रबराची लवचिक नळी चालते. दुसरी युक्ती याहून सरळ आहे: निकासनळीचे तोंडच पाण्याखाली न्यावे. हवेत निर्माण झालेला ध्वनी पाण्याच्या सपाटीवर आदळला की त्याच्या शक्तीचा सुमारे हजारावा भागच पलीकडे शिरतो, बाकीचा परत फिरतो. त्यामुळे बुडबुड्यांची गुळगुळ सोडली तर वरच्या हवेत फारसे काही उमटत नाही. मात्र येथेही किंमत आहेच, कारण नळीचे तोंड एक मीटर खोल असेल तर वायूला वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या हिश्शाइतका जादा दाब ढकलीत बाहेर पडावे लागते, आणि इंजिन बंद पडताच हेच पाणी नळीतून उलट चढून सिलिंडरमध्ये शिरण्याचे भय असते. पाणी दाबले जात नाही. ते आत असताना इंजिन फिरविले की दट्ट्याचे दांडे वाकतात. म्हणून नळीला आधी वर चढवून, मान वळवून, मग खाली सोडण्याची पद्धत पडली.

या दोन्ही युक्त्यांचा खरा कस लागला तो १९२०च्या जानेवारीत अमेरिकेत दारूबंदी अमलात आल्यावर. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर, सरकारी हद्दीच्या अगदी बाहेर, दारूने भरलेली गलबते नांगर टाकून ओळीने उभी राहू लागली, आणि रात्र पडताच किनाऱ्यावरून लहान वेगवान नौका जाऊन पेट्यांची खेप आणू लागल्या. प्रथम ही हद्द तीन मैलांची होती; १९२४ साली ब्रिटनशी झालेल्या तहाने ती ‘एका तासाच्या मजलेइतकी’ वाढली, म्हणजे चोरट्यांच्या नौकांना अधिक अंतर तोडणे आणि म्हणून अधिक वेगवान होणे भाग पडले. वेग फार महाग नव्हता, ही त्या काळाची विचित्र कृपा. महायुद्धासाठी अमेरिकेने ‘लिबर्टी’ नावाची, बारा सिलिंडरांची, ४०० अश्वशक्तीची विमानाची इंजिने २०,०००हून अधिक बनविली होती, आणि युद्ध संपताच सरकारने ती मातीमोलाने विकावयास काढली. विमानाच्या इंजिनाला सायलेन्सर कोठला! ते नौकेत बसविले की त्याची गर्जना रात्री मैलोगणती जाई. त्यातून सूर्यास्तानंतर पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा पाण्याकडे येतो आणि दिवसा ऐकू न येणारी कुजबूजही रात्री पैलतीरी पोहोचते. धंद्याचा सगळा भाग रात्रीचा, आणि रात्रच अशी चुगलखोर. तेव्हा चोरट्यांनी लिबर्टीची गर्जना पाण्याखाली पुरली. नौका करड्या रंगाने रंगविल्या, दिवे काढून टाकले, निकासनळ्यांची तोंडे पिछाडीला बुडविली, आणि पाठलाग झालाच तर सारी शक्ती हाती यावी म्हणून वरच्या मोकळ्या नळ्यांची झडप जवळच ठेवली.

सरकारी पक्षानेही कंबर बांधली. किनारा-रक्षक दलासाठी ७५ फुटी गस्तीच्या २०३ नौका दोनेक वर्षांत बांधल्या गेल्या, परंतु त्यांचा वेग चोरट्यांच्या निम्म्यालाही क्वचित पुरे, आणि पकडलेल्या चोरट्या नौकाच गस्तीवर लावण्याची पाळी अंमलदारांवर आली. लाँग आयलंडवरील फ्रीपोर्टच्या गोदीत तर दोन्ही पक्षांच्या नौका बांधल्या जात. गोदीवाल्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

वेगाने जे जमले नाही ते दबा धरून जमले, आणि त्याचा परिणाम एकदा फार भयंकर झाला. २९ डिसेंबर १९२९च्या पहाटे ऱ्होड आयलंडमधील नॅरगॅन्सेट उपसागरात दाट धुके पसरले असताना ‘सीजी-२९०’ ही गस्तीची नौका दिवे मालवून, घंटेच्या बोयाला बांधून, अगदी निश्चल उभी होती. विमानाची इंजिने बसविलेली ‘ब्लॅक डक’ ही दारूची प्रसिद्ध नौका त्याच बोयाचा अदमास घेत धुक्यातून आली, आणि समोर काय उभे आहे हे कळण्यापूर्वीच अगदी जवळ येऊन ठेपली. गस्तीच्या नौकेवरून प्रकाशझोत पडला, इशारा झाला, नौका न थांबता वळली, आणि मशीनगनच्या एका फैरीत तिच्यावरील चौघांपैकी तिघे ठार झाले. चौकशीत गस्तीवाले निर्दोष ठरले. बोस्टनमध्ये मात्र संतप्त जमावाने सभा भरवून दलाच्या भरती-शिपायांना मारहाण केली. दोन्ही नौका मुक्या होत्या, आणि त्या रात्री जिची यंत्रे मुळीच चालत नव्हती तिचे मौन वरचढ ठरले.

१९३३च्या डिसेंबरात दारूबंदी उठली, पण चोरट्यांनी सिद्ध केलेले शास्त्र वाया गेले नाही. लिबर्टी इंजिनाचा आराखडा १९१७च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वॉशिंग्टनच्या विलार्ड हॉटेलात दोघा अभियंत्यांनी अवघ्या काही दिवसांत तयार केला होता: पॅकार्ड कंपनीचा जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट कंपनीचा ई. जे. हॉल. दुसऱ्या महायुद्धात या दोन्ही कंपन्यांनी नौकांची इंजिने पुरविली. पॅकार्डचे १२ सिलिंडरांचे, प्रारंभी १२०० आणि पुढे १५०० अश्वशक्तीचे इंजिन, तीन-तीनच्या संचाने, अमेरिकन नौदलाच्या पीटी नामक पाणतीर-नौकांत बसले. आणि या नौकांपैकी ८० फुटी जातीच्या ३००हून अधिक नौका न्यू जर्सीतील बेयॉन येथे ज्या कारखान्याने बांधल्या तो कारखाना म्हणजे शिकागोच्या सरोवरात मुक्या नौका फिरविणारी तीच एल्को.

पीटी नौकेच्या पिछाडीला सायलेन्सरांची रांग बाहेरूनच दिसे. प्रत्येक निकासनळीत फुलपाखराच्या पंखांसारखी फिरणारी चपटी झडप असे. मंद चालीने शत्रूच्या जवळ सरकताना ती मिटावी, म्हणजे वायू खाली वळून पाण्याच्या पातळीत सुटे आणि नौका केवळ पुटपुटे. हल्ल्याच्या किंवा पलायनाच्या क्षणी ती उघडावी, म्हणजे तीन इंजिनांची चार हजारांवर अश्वशक्ती मोकळी होऊन गर्जत सुटे. मिटल्या झडपेवर इंजिन पूर्ण वेगाने हाकणे म्हणजे त्याचा गळा दाबण्यासारखेच होते, तेव्हा मौन आणि वेग यांतून एकाचीच निवड करावी लागे. सॉलोमन बेटांत तर आणखी एक वैरी निघाला: तेथले उष्ण पाणी ढवळले की रात्री चमकते, आणि त्या चमकत्या रेषेचा माग काढीत जपानी विमाने नौकेवर येत. म्हणूनच २ ऑगस्ट १९४३च्या रात्री ब्लॅकेट सामुद्रधुनीत ‘पीटी-१०९’ ही नौका मधल्या एकाच इंजिनावर, आवाज दाबून, रेंगाळत होती. काळोखातून आलेल्या ‘अमागिरी’ या जपानी विनाशिकेने तिचे दोन तुकडे केले, आणि तिचा तरुण कप्तान जॉन केनेडी पोहत, जखमी सोबत्याला ओढीत बेटावर पोहोचला. तिन्ही इंजिने तयार असती तर तो निसटला असता काय, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे.

इंग्लंडात या विद्येचा पुरस्कर्ता निघाला तो रॉबर्ट हिचेन्स, फाल्मथचा एक वकील. जर्मनांच्या वेगवान ई-बोटी डिझेल इंजिनांच्या, त्यामानाने शांत. त्यांना पाठलागाने गाठणे कठीण. हिचेन्सने त्यांच्या परतीच्या वाटेवर इंजिने थांबवून, कान देऊन, पडून राहण्याचा क्रम ठेवला आणि आपल्या तोफनौकांना चांगले सायलेन्सर मिळावेत म्हणून वरिष्ठांशी हुज्जत घातली. १९४३च्या एप्रिलमध्ये तो मारला गेला. याच काळात डार्टमथहून १५वा तोफनौका-ताफा अमावास्येच्या सुमारास इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर हेर उतरवी आणि पाडल्या गेलेल्या विमानांचे लपलेले वैमानिक परत आणी. १९४४ साली प्लुआजवळच्या एका चिंचोळ्या पुळणीवरून, जर्मन चौकीच्या नाकाखालून, शंभराहून अधिक माणसे अशी सोडविली गेली. मोठी नौका दूर उभी राही आणि शेवटचे अंतर वल्ह्यांच्या होड्या तोडीत. सायलेन्सर कितीही उत्तम असला तरी वल्ह्याची बरोबरी त्याला करता आली नव्हती, हे या मंडळींना पुरते ठाऊक होते.

लिबर्टी इंजिनाच्या वंशावळीची दुसरी शाखा आपल्या दारापर्यंत येते. हॉल-स्कॉटची ६५० अश्वशक्तीची दोन पेट्रोल इंजिने ज्या ११२ फुटी ‘फेअरमाइल’ नौकांत बसत, त्यांचे ताफे रॉयल इंडियन नेव्हीकडेही होते आणि ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावरील चौंगांत, म्हणजे भरती-ओहोटीच्या कांदळवनी खाड्यांत, ते लढले. या नौदलाची पूर्वपीठिका जी रॉयल इंडियन मरीन, तिच्यात रत्नागिरीच्या कोकणी मुसलमान खलाशांचा भरणा पिढ्यान्‌पिढ्या होता. दाभोळ-जयगडच्या खाड्या जाणणाऱ्या माणसाला चौंग परका वाटण्याचे कारण नाही. वळणापलीकडचे दिसत नाही पण ऐकू येते, ही अशा पाण्याची रीत दोन्हीकडे सारखीच.

युद्धानंतरची कथा थोडक्यात आटोपती येते, कारण तीत साहस कमी आणि व्यापार अधिक. तंतुकाचेच्या नौका आल्या, रबरी नळ्या सर्रास झाल्या, आणि ज्या शिडाच्या नौकांत इंजिन पाण्याच्या पातळीखाली बसते त्यांच्यासाठी तळाशी एक कोठी ठेवण्याची पद्धत रूढ झाली, जीत फवाऱ्याचे पाणी साचते आणि वायूच्या दाबानेच ते घोटाघोटाने वर चढून बाहेर फेकले जाते. इंजिन फार वेळ नुसते फिरविले आणि ते सुरू झालेच नाही तर ही कोठी तुडुंब भरून तेच पाणी सिलिंडरांत जाते, आणि दरसाल कितीतरी हौशी नाविक हा धडा पैसे मोजून शिकतात. बाहेर टांगावयाच्या इंजिनांनी तर वायू पंख्याच्या तुंब्यातूनच पाण्यात सोडून प्रश्न मिटविला. आपल्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये ज्यांनी इंजिनघराशेजारी बसून तास काढला आहे त्यांना ही प्रगती सर्वत्र सारख्या उत्साहाने पोहोचली असे म्हणवणार नाही.

कायदा सर्वांच्या मागून आला. युरोपीय संघाने २००३च्या निर्देशाने २५ मीटर अंतरावर मोजलेल्या ध्वनीची मर्यादा इंजिनाच्या शक्तीप्रमाणे ६७, ७२ आणि ७५ डेसिबल अशी ठरविली. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी किनाऱ्यावर उभे राहून ७५, आणि धक्क्याला उभ्या नौकेजवळ जुन्या इंजिनांना ९० व १९९३पासूनच्या इंजिनांना ८८ डेसिबलांची मुभा दिली. गस्तीचा अंमलदार आता मशीनगनऐवजी मापकयंत्र घेऊन उभा असतो. आणि पीटी नौकेची ती फिरती झडप महागड्या शर्यती नौकांत पुन्हा अवतरली आहे, चालकाच्या हाताशी एका बटणावर. बटण दाबले की वायू पाण्याखाली, पुन्हा दाबले की पिछाडीच्या उघड्या नळ्यांतून. अशी आडवाट वापरणे कित्येक राज्यांत गुन्हा आहे, म्हणून अंमलदाराची नौका दिसेपर्यंत ती उघडी ठेवावयाची आणि दिसली की मिटावयाची, असा परिपाठ सरोवरा-सरोवरांवर चालू असतो.